सर्पगंधा, परळचे डॉक्टर आणि 'मेंदूत केमिकल कमी झालंय' हे वाक्य

खलबत्ता

डिप्रेशनचं निदान झालेल्या माणसाला बहुतेक वेळा एक वाक्य ऐकवलं जातं: "मेंदूत सेरोटोनिन कमी झालंय, गोळीनं ते भरून निघेल." सांगणारा कधी डॉक्टर असतो, कधी नातेवाईक, हल्ली एखादं रीलसुद्धा. ऐकणाऱ्याला त्यात दिलासा मिळतो, कारण 'मन खंबीर कर' यापेक्षा हे केव्हाही बरं. पण हे वाक्य पेशंटच्या मेंदूतलं सेरोटोनिन मोजून आलेलं नाही. ते उलट्या दिशेनं आलंय. आधी औषधं सापडली, मग ती शरीरात काय करतात ते कळलं आणि त्यावरून आजाराचं कारण काय असेल याचा अंदाज बांधला गेला. या प्रवासातला एक मोठा टप्पा मुंबईत आहे आणि तो फारसा कुणाला ठाऊक नसतो, म्हणून हा धागा. (औषधशास्त्र शिकवण्यात माझी नोकरी गेली. मी मानसोपचारतज्ज्ञ नाही, तेव्हा 'मी काय घेऊ' असं विचारलंत तर उत्तर मिळणार नाही.)

सर्पगंधेचं मूळ आपल्याकडे पूर्वापार वापरात आहे. झोप येत नसेल तर, साप चावला तर, वेड लागलं तर. बिहारकडे तिला सरळ 'पागलों की दवा' म्हणत. १९३१ साली दोन गोष्टी घडल्या. दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजात सलीमुझ्झमान सिद्दीकी आणि रफत हुसेन सिद्दीकी यांनी या मुळातून काही अल्कलॉइड (वनस्पतीतली गुणकारी रसायनं) वेगळी काढली, त्यांतल्या एकाला हकीम अजमल खानांवरून अजमलीन नाव दिलं. त्याच वर्षी कलकत्त्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी वेड आणि रक्तदाब या दोन्हींवर ही मुळी चालते असा लेख लिहिला. लेख भारतातच छापला गेला आणि भारतातच राहिला.

मग येतात डॉ. रुस्तम जाल वकील. मुंबईचे पारशी हृदयरोगतज्ज्ञ, परळच्या केईएमशी संबंधित. त्यांनी रक्तदाबाच्या ५० पेशंटना सर्पगंधा देऊन नीट नोंदी ठेवल्या आणि १९४९ साली 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये लेख प्रसिद्ध केला. तोवर रक्तदाबावर धड औषधच नव्हतं. तो लेख वाचून बॉस्टनच्या रॉबर्ट विल्किन्सनी मुळी मागवून अमेरिकेत वापरायला सुरुवात केली. दाब उतरत होताच, पण त्यांना आणखी एक गोष्ट दिसली: हे लोक शांत होतात, आणि झोपाळू न होता शांत होतात. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीनं मुळीतला मुख्य घटक वेगळा काढला, तो रेसर्पिन. १९५४ मध्ये नेथन क्लाइन यांनी न्यूयॉर्क राज्यातल्या रॉकलंड स्टेट हॉस्पिटलात स्किझोफ्रेनियाच्या पेशंटवर ते वापरून निष्कर्ष जाहीर केले. १९५७ चा लास्कर पुरस्कार वकील आणि क्लाइन या दोघांनाही मिळाला. आपल्याकडे किती जणांना हे शाळेत शिकवलं, हात वर करा.

इथून गोष्ट रसायनांकडे वळते. १९५५ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत बर्नार्ड ब्रोडी यांच्या प्रयोगशाळेनं दाखवलं की रेसर्पिन दिलं की शरीरातले सेरोटोनिनचे साठे रिकामे होतात. कसे, तेही नंतर उलगडलं. चेतापेशी सेरोटोनिन, नॉरअ‍ॅड्रिनलिन, डोपामिन ही द्रव्यं बारीक पिशव्यांत भरून ठेवते आणि संदेश द्यायचा झाला की त्या पिशव्या पुढच्या पेशीच्या तोंडाशी रित्या करते. रेसर्पिन पिशवीत माल भरणारा पंपच बंद पाडतं. बाहेर राहिलेलं द्रव्य पेशीतलं मोनोअमाइन ऑक्सिडेझ हे एन्झाइम तोडून टाकतं. १९५७ मध्ये स्वीडनच्या अर्विद कार्लसननी रेसर्पिन देऊन लुळे, गुंगलेले केलेले ससे घेतले आणि त्यांना एल-डोपा टोचलं. मेंदू त्यापासून डोपामिन बनवतो. थोड्याच वेळात ससे उठून हिंडू-फिरू लागले. सेरोटोनिनचा कच्चा माल देऊन असं झालं नाही. पार्किन्सन्सचा (कंपवाताचा) आजचा उपचार या सशांपासून सुरू होतो. कार्लसनना २००० साली नोबेल मिळालं.

त्याच सुमारास रक्तदाबासाठी रेसर्पिन घेणारे काही पेशंट उदास होतात, काहींना जीव द्यावासा वाटतो, अशा नोंदी येऊ लागल्या. दुसरीकडे न्यूयॉर्कच्या स्टॅटन आयलंडवरच्या सी व्ह्यू हॉस्पिटलात १९५२ मध्ये क्षयाच्या पेशंटना आयप्रोनियाझिड दिलं तर ते खोकल्यासकट आनंदात नाचू लागले. हे औषध नेमकं त्या तोडणाऱ्या एन्झाइमला अडवतं. मग तर्क बसला: द्रव्य घटवणारं औषध उदास करतं, द्रव्य टिकवणारं औषध उल्हसित करतं, म्हणजे उदासी ही त्या द्रव्याची कमतरता असणार. १९६५ मध्ये जोसेफ शिल्डक्राउट यांनी नॉरअ‍ॅड्रिनलिनची बाजू मांडली, दोन वर्षांनी अ‍ॅलेक कॉपेननी सेरोटोनिनची. दोघांनीही ते गृहीतक म्हणूनच मांडलं होतं. शिल्डक्राउट तर आपल्याच लेखात सांगतात की हे चित्र फार सोपं केलेलं आहे. १९८७ अखेर फ्लुऑक्सेटिन या सेरोटोनिन वाढवणाऱ्या गोळीला अमेरिकेत मान्यता मिळाली, पुढे टीव्हीवर जाहिराती आल्या आणि गृहीतकातलं 'असावं' गळून 'आहे' उरलं.

आता यातला तुकडा, जो मला वर्गात सांगायला सगळ्यात जास्त आवडायचा. १९५५ मध्येच लंडनच्या मॉडस्ली हॉस्पिटलच्या डेव्हिस आणि शेपर्ड यांनी चिंताग्रस्त आणि उदास पेशंटवर रेसर्पिनची प्लासिबोशी (औषध नसलेल्या दिखाऊ गोळीशी) तुलना करून चाचणी घेतली. रेसर्पिन घेणाऱ्यांना बरं वाटलं! सेरोटोनिनचे साठे रिकामे करणारं औषध, आणि लोक सुधारले. हा लेख 'लॅन्सेट'मध्ये छापून आला आणि पुढची कैक वर्षं त्याच्याकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही, कारण तो गोष्टीत बसत नव्हता. रेसर्पिननं डिप्रेशन येतं या जुन्या नोंदीही पुढे पुन्हा तपासल्या गेल्या, तेव्हा त्यांतल्या बऱ्याच जणांना औषधाचा डोस फार होता, किंवा आधीपासून उदासीचा इतिहास होता, किंवा ते नुसते मंदावले होते, असं दिसलं.

दुसरी न बसणारी गोष्ट वेळाची. एसएसआरआय जातीच्या गोळ्या (फ्लुऑक्सेटिन त्यांतलीच) सेरोटोनिन पेशीत परत शोषू देत नाहीत, त्यामुळे सिनॅप्समधलं, म्हणजे दोन चेतापेशींमधल्या फटीतलं, सेरोटोनिन काही तासांतच वाढतं. माणसाला बरं वाटायला लागतात दोन ते सहा आठवडे. कमतरताच भरून काढायची होती, तर हे आठवडे कशाला लागतात? सर्दीत वाफ घेतली की नाक मोकळं होतं, म्हणून सर्दी वाफेच्या कमतरतेनं होते असं आपण म्हणत नाही.

इथे थांबतो. विचारा, भांडा.

चिंचगूळ

केईएमसमोरच्या टपरीवर इतका चहा प्यायलो, पण डॉ. वकील हे नाव आज पहिल्यांदा ऐकलं. सशांची गोष्ट भारी. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

तिरकस

म्हणजे मी इतकी वर्षं जे म्हणतोय तेच झालं ना? २०२२ मध्ये जोआना मॉन्क्रीफ आणि मंडळींनी 'मॉलिक्युलर सायकियाट्री'त सगळा पुरावा चाळून सांगितलं की डिप्रेशन सेरोटोनिन कमी झाल्यामुळे होतं याला पुरावा नाही. मग गोळ्या कशासाठी विकताय? धंदा आहे सगळा. व्यायाम करा, उन्हात फिरा, मोबाईल बाजूला ठेवा.

खलबत्ता

तिरकस, तुमची पहिली दोन वाक्यं मान्य. 'मग' या शब्दापासून घसरलात. मॉन्क्रीफ यांच्या लेखाचा विषय होता 'कारण काय'. 'औषध चालतं का' हा प्रश्नच त्यात तपासलेला नव्हता. वर्तमानपत्रांनी दोन्ही एकत्र कालवलं. इमिप्रामिन हे डिप्रेशनवरचं पहिलं ट्रायसायक्लिक (तीन कड्यांच्या रेणूचं) औषध रोलंड कून यांनी १९५६-५७ मध्ये स्वित्झर्लंडच्या म्युन्स्टरलिंगन गावातल्या हॉस्पिटलात शोधलं, आणि तेही स्किझोफ्रेनियासाठी देऊन पाहताना. स्किझोफ्रेनियावर ते फोल ठरलं, पण खिन्न पेशंट उठून बोलू लागले. ते नॉरअ‍ॅड्रिनलिन परत शोषू देत नाही हे ज्युलियस अ‍ॅक्सेलरॉड यांनी दाखवलं ते नंतर. म्हणजे औषध चालतं हे आधी दिसलं, का चालतं याची कहाणी मागून जोडली. कहाणी चुकली तर आधी जे दिसलं ते पुसलं जात नाही.

मनोज्ञ

मी सांगलीत मानसोपचाराची प्रॅक्टिस करते, तेव्हा दोन पैसे माझेही.

२०१८ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये अँड्रिया चिप्रियानी यांच्या गटाचं विश्लेषण आलं: ५२२ चाचण्या, १,१६,४७७ पेशंट, २१ औषधं. एकूण एक औषध प्लासिबोपेक्षा सरस ठरलं. मात्र सरासरी फरक माफक होता. हे दोन्ही एकाच दमात सांगावं लागतं. सरासरीच्या पोटात असे लोक असतात ज्यांना गोळीनं अक्षरशः अंथरुणातून उठवलं आणि असेही ज्यांना तोंड कोरडं पडण्यापलीकडे काही मिळालं नाही. कोणाला कुठली लागू पडेल हे आधी सांगणारी चाचणी आज माझ्याकडे नाही. डिप्रेशनच्या उपचारांवरच्या अमेरिकेच्या स्टार-डी अभ्यासात पहिल्या औषधानं पूर्ण बरे झालेले जेमतेम एकतृतीयांश होते. बाकीच्यांचं औषध बदलावं लागलं, जोड द्यावी लागली. म्हणून मी पहिल्या भेटीतच सांगते, पहिली गोळी लागू पडली नाही तर निराश होऊ नका, आपल्याला दुसरी पाहायचीये.

सौम्य डिप्रेशनमध्ये मी स्वतः गोळीची घाई करत नाही. समुपदेशन, वर्तन-उपचार, झोपेचं वेळापत्रक यांनी भागतं. तीव्र असेल, जेवण तुटलं असेल, जगू नये असं वाटत असेल तर तिरकस यांचं ऊन आणि व्यायाम सांगणं ही क्रूर चेष्टा आहे. त्या माणसाला बाथरूमपर्यंत जायचं म्हणजे डोंगर चढल्यासारखं असतं. तो फिरायला जाण्याइतका सावरावा म्हणूनच तर गोळी असते.

तिरकस

क्रूर वगैरे नको हो. माझा राग कंपन्यांवर आहे, पेशंटवर नाही. पण मग नेमकं काय होतं डोक्यात? सेरोटोनिन नाही तर काय?

मनोज्ञ

'सेरोटोनिन नाही' असंही नाही, 'फक्त सेरोटोनिनची कमतरता' हे नाही. आज जास्त वजन दिलं जातं ते मेंदूच्या नव्या जोडण्या करण्याच्या क्षमतेला. दीर्घकाळ ताण राहिला की कॉर्टिसॉल हे ताणाचं हार्मोन चढं राहतं, प्राण्यांमध्ये त्यानं हिप्पोकॅम्पस या मेंदूतल्या आठवणींशी निगडित भागातल्या पेशींच्या फांद्या आखडलेल्या दिसतात. सेरोटोनिन वाढवणाऱ्या औषधांनी काही आठवड्यांत बीडीएनएफसारखी वाढीला मदत करणारी प्रथिनं वाढतात, जोडण्या पुन्हा फुटतात. वेळ लागण्याचं एक पटणारं कारण इथे सापडतं. केटामिन हे भुलीचं औषध तर वेगळ्याच वाटेनं, ग्लुटामेट या मेंदूतल्या दुसऱ्या संदेशवाहक द्रव्याच्या वाटेनं जातं आणि काही जणांत तासांत गुण दिसतो. त्याचंच भावंड एस्केटामिन, त्याच्या नाकात मारायच्या फवाऱ्याला अमेरिकेत २०१९ मध्ये मान्यता मिळाली. हेही सगळं चित्र नाही. डिप्रेशन हा एकच आजार आहे का, याचीच मला दिवसेंदिवस शंका येते.

मोरपंखी

मी एस्सिटालोप्राम ही डिप्रेशनची गोळी घेते, बरीच वर्षं. त्या २०२२ च्या बातम्या आल्या तेव्हा माझ्या मामेभावानं, तोही घेत होता, दुसऱ्या दिवशी गोळी बंद केली. चक्कर, डोक्यात विजेचे झटके बसल्यासारखं, रात्रभर विचित्र स्वप्नं, बायकोवर खेकसणं. घरच्यांना वाटलं आजार उलटला. डॉक्टरांनी सांगितलं, हा आजार नाही, एकदम बंद केल्याचा परिणाम आहे. पुन्हा सुरू करून काही महिन्यांत थोडी थोडी कमी केली. बातमी देणाऱ्यांनी एक ओळ लिहायला हवी होती: परस्पर थांबवू नका.

पण मला दुसरंच सांगायचंय. खलबत्ता, तुमचं सगळं पटलं तरी 'केमिकल' या वाक्याचे माझ्यावर उपकार आहेत. लग्नाला फार दिवस झाले नव्हते. मी सकाळी उठू शकत नव्हते, स्वयंपाकघरात नुसती उभी राहायचे. सासूबाईंच्या लेखी मी आळशी. माहेरच्यांच्या लेखी नजर लागलेली. डॉक्टरांनी सासूबाईंना समोर बसवून सांगितलं, हिच्या मेंदूतलं एक केमिकल कमी झालंय, शुगरसारखं समजा. त्या स्वतः मधुमेहाच्या पेशंट. त्या दिवसापासून टोमणे बंद झाले आणि गोळीची वेळ त्या लक्षात ठेवायला लागल्या. खरं असो नसो, त्या वाक्यानं मला घरात जागा दिली.

आणि त्याच वाक्यानं नंतर तोंडही बंद केलं. नवऱ्याची बदली, माझी सुटलेली नोकरी, घरात माझ्या मताला किंमत नसणं, यातलं काहीही बोलायला गेलं की उत्तर ठरलेलं: "तुझा केमिकलचा प्रॉब्लेम आहे, गोळी घेतलीस ना आज?" समुपदेशकाकडे जाण्याचे पैसे उधळपट्टीत गणले गेले, कारण केमिकलशी बोलून काय होणार! नोकरी पुन्हा लागल्यावर मी जितकी सुधारले तितकी गोळीचा डोस वाढवून सुधारले नव्हते. तरी गोळी नसती तर मुलाखतीपर्यंत पोचले नसते, हेही खरं.

खलबत्ता

मोरपंखी, हा प्रतिसाद धाग्यापेक्षा मोठा आहे. वर्गात इतकी वर्षं ससे सांगितले, हे कुणी सांगितलं नव्हतं.

मनोज्ञ

मोरपंखी, खरं सांगायचं तर मीही नातेवाइकांशी बोलताना ते वाक्य वापरायचे. ओपीडीत मिनिटं मोजकी आणि समोर रागावलेली सासू असते, तेव्हा ते चटकन काम करतं. हल्ली असं सांगते: "हा आजार खरा आहे, तो हिनं ओढवून घेतलेला नाही. त्यात मेंदूही आहे आणि घरही आहे. गोळी मेंदूला मदत करेल, घराचं आपल्याला बघावं लागेल." नातेवाइकांचा चेहरा दुसऱ्या वाक्याला पडतो. पडू दे.

तुमच्या मामेभावासारखे मीही पाहते. पॅरॉक्सेटिन आणि व्हेनलाफॅक्सिन अचानक सोडली की त्रास जास्त, कारण ती शरीरातून लवकर निघून जातात. फ्लुऑक्सेटिन रेंगाळतं, म्हणून त्याचा कमी. आणि सुरू करताना, विशेषतः पंचविशीच्या आतल्यांना, पहिल्या काही आठवड्यांत अस्वस्थता किंवा मरणाचे विचार वाढले तर वाट पाहत बसू नका, डॉक्टरांना लगेच कळवा. घरच्यांना हे सांगून ठेवायलाच हवं. रात्री-अपरात्री कुणीच नसेल तर सरकारचा टेलि-मानस १४४१६ हा क्रमांक आहे, मराठीत बोलता येतं.

चिंचगूळ

अवांतर, पण विचारतो. केळी खाल्ल्यानं सेरोटोनिन वाढतं असं आमच्या सोसायटीच्या गटात रोज येतं. शिवाय एका लॅबवाल्याचा फोन आला होता, 'हॅपी हार्मोन पॅकेज', रक्तातलं सेरोटोनिन मोजून देतात म्हणे.

खलबत्ता

केळ्यात सेरोटोनिन असतं, पण ते रक्तातून मेंदूत शिरत नाही. मध्ये गाळणी आहे. शरीरातलं ९० टक्क्यांच्या आसपास सेरोटोनिन तर आतड्यात बनतं आणि आतड्याचीच कामं करतं. मेंदू स्वतःचं स्वतः बनवतो, ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लापासून. तेव्हा रक्तातला आकडा पाहून मूड सांगणं म्हणजे पैसे पाण्यात. केळी खा, केळं म्हणून.

मनोज्ञ

रक्त तपासायचंच असेल तर थायरॉईड, बी१२, हिमोग्लोबिन तपासा. डिप्रेशनसारखा चेहरा घेऊन येणारे हे आजार आहेत आणि पक्क्या शाकाहारी घरांत बी१२ कमी निघणं मला नवीन नाही.

गोदाकाठ

सेरोटोनिनचं चाललंय, पण डोपामिनचं मी डोळ्यांनी पाहिलंय. आमचे काका, नाशिकला असतात, आयुष्यभर बँकेत कॅशियर. पत्ते गणपतीत जागरणापुरते, तेही बिनपैशाचे. पार्किन्सन्सची प्रामिपेक्सोल गोळी वाढवल्यावर काही महिन्यांनी लक्षात आलं की ते रात्री दोन वाजता मोबाईलवर पैसे लावून रमी खेळतायत. मुदतठेव मोडली होती. काकूंनी आधी समजावलं, मग भांडल्या, मग देव पाण्यात ठेवले. डॉक्टर बदलल्यावर नव्या डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, जुगार, खरेदी, खाणं, कामेच्छा, यातलं काही अचानक वाढलंय का? आम्ही सगळे गप्प. गोळी हळूहळू कमी केली आणि रमी सुटली. काका आता म्हणतात, मला कळत होतं पण थांबवत नव्हतं. आधीच्या ठिकाणी हे कुणीच सांगितलं नव्हतं, त्याचा राग अजून आहे.

मला पडलेला प्रश्न: ते पैसे काकांनी घालवले की गोळीनं?

खलबत्ता

तुमच्या प्रश्नावर न्यायालयांतही भांडणं झालीयेत. माझ्याकडे उत्तर नाही. यंत्रणा मात्र सांगता येते. वुल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांच्या मेंदूतल्या डोपामिन पेशींचा माग घेतला. अनपेक्षितपणे फळाच्या रसाचा थेंब मिळाला की त्या पेशी तडतडायच्या. रसाआधी दरवेळी दिवा लागतो हे माकडाला कळलं की पेशी दिव्याला तडतडू लागल्या, रसाला नाही. दिवा लागून रस मिळालाच नाही तर ठरल्या वेळी त्यांची तडतड खाली गेली. म्हणजे डोपामिनचा संबंध मजेपेक्षा 'वाटलं होतं त्यापेक्षा जास्त मिळालं की कमी' या हिशेबाशी जास्त आहे. प्रामिपेक्सोल डोपामिनच्या जागी बसून पेशीवरची त्याची कुलपं सतत उघडी ठेवतं. हरण्याची जी खाली जाणारी तडतड आपल्याला शहाणं करते, ती मग पोचत नसावी, असा एक तर्क आहे. पार्किन्सन्समधल्या सगळ्यांना असं होत नाही, पण विचारलं सगळ्यांना पाहिजे.

जाता जाता, 'डोपामिन डिटॉक्स' करणाऱ्यांसाठी: डोपामिन खरंच बाहेर काढलं तर कार्लसनच्या सशासारखे पडून राहाल. मोबाईल बंद ठेवा, चांगलंच आहे, फक्त डोपामिनला मध्ये घेऊ नका.

अडुळसा

सर्पगंधेवरून विचारते. आईला झोप येत नाही, रक्तदाब आहे, आणि गेलं वर्षभर डिप्रेशनची सर्ट्रालिन चालू आहे. शेजारच्या काकांनी सर्पगंधेच्या वट्या आणून दिल्यात. आयुर्वेदिकच आहे, द्यायला हरकत नाही ना?

मनोज्ञ

अडुळसा, देऊ नका. त्यात रेसर्पिन आहे, वर जे एवढं रामायण झालं तेच. डिप्रेशन असलेल्या किंवा होऊन गेलेल्या माणसाला रेसर्पिन देऊ नये असं औषधाच्या माहितीपत्रकातच असतं. शिवाय रक्तदाबाच्या चालू गोळ्यांवर हे पडलं की दाब फार उतरून पडझड व्हायची. वट्या ज्यांच्या नावानं आहेत त्या वैद्यांना आणि आईच्या डॉक्टरांना, दोघांनाही पूर्ण यादी दाखवा. चांगला वैद्य स्वतःच नको म्हणेल.

खलबत्ता

डेव्हिस आणि शेपर्डच्या गोष्टीवरून कुणी उत्साहात येण्याआधी: ती एक छोटी चाचणी होती, देखरेखीखाली. तिच्यामुळे सिद्धांत डळमळतो, वट्या सुरक्षित ठरत नाहीत. सर्पगंधा जंगलातून इतकी ओरबाडली गेलीये की तिच्या परदेशी व्यापारावर आंतरराष्ट्रीय निर्बंध आहेत, तेव्हा घरोघरी वाटण्याची ती वस्तूही नाही.

मेलबर्नकर

१९४९ वाचून राहवलं नाही. त्याच वर्षी आमच्या इथे, मेलबर्नच्या बंडूरा भागातल्या मनोरुग्णालयात, जॉन केड यांनी लिथियमचा शोध लावला. गृहस्थ महायुद्धात सिंगापूरच्या चांगीत जपान्यांच्या कैदेत तीन वर्षांहून जास्त काढून आलेले. रुग्णालयातल्या एका वापरात नसलेल्या कोठीत त्यांची प्रयोगशाळा. मॅनियाच्या (बेफाम उत्साहात उसळलेल्या अवस्थेतल्या) पेशंटच्या लघवीत काही विष असतं का हे शोधायला ती गिनीपिगना टोचत. युरिक आम्ल पाण्यात विरघळत नाही म्हणून त्याचा लिथियम क्षार घेतला, आणि गिनीपिग शांत पडले. बहुधा लिथियमची बाधा झाली होती! केडनी आधी स्वतः घेऊन पाहिलं, मग मॅनियाच्या दहा पेशंटना दिलं. पहिला पेशंट पाच वर्षं उसळलेल्या अवस्थेत होता, तो सुधारून घरी गेला, कामाला लागला. पुढे १९५० मध्ये लिथियमच्याच विषबाधेनं गेला. लिथियम हे मूलद्रव्य, पेटंट कशाचं घेणार, म्हणून कंपन्यांना रस नव्हता. डेन्मार्कचे मॉगेन्स शाऊ नेटानं मागे लागले, १९५४ मध्ये त्यांची चाचणी आली. अमेरिकेत मान्यता मिळायला १९७० उजाडलं.

पाहा, बायपोलर आजार (ज्यात कधी मॅनिया, कधी डिप्रेशन येतं) लिथियमच्या कमतरतेनं होतो असं कुणी म्हटलेलं माझ्या ऐकण्यात नाही. तरी औषध म्हणून आजही ते पहिल्या रांगेत आहे.

मनोज्ञ

आणि आत्महत्येचा धोका कमी करण्याबाबत ज्याच्याकडे सर्वांत भक्कम पुरावा आहे अशा मोजक्या औषधांत ते आहे. दुकानात स्वस्तात मिळतं, म्हणूनच कदाचित त्याबद्दल कुणी रील करत नाही. एक जोडते: बायपोलर आहे हे न ओळखता नुसतं अँटिडिप्रेसंट सुरू केलं तर माणूस उसळू शकतो. म्हणून 'कधी झोप न घेता भरपूर ताकद, भरमसाट खर्च, वेगानं बोलणं असं झालंय का' हे मी प्रत्येक उदास पेशंटला विचारते. त्यानं स्वतःहून सांगितलेलं नसतं, कारण ते दिवस त्याला छान वाटलेले असतात.

पांथस्थ

धागा वेळेवर आला. धाकटा भाऊ लिथियमवर आहे, तीन वर्षं स्थिर. यंदा आळंदी ते पंढरपूर पायी वारी करायची म्हणतोय, एकादशीचे उपवासही करतो. आई घाबरलीये, मी नाही म्हणायला कचरतोय कारण वारीचा विषय निघाला की त्याचा चेहरा खुलतो. काही काळजी घेऊन जाता येईल का?

मनोज्ञ

पांथस्थ, जाता येतं, माझे पेशंट जातात. पण आधी त्याच्या डॉक्टरांना भेटून. लिथियमची उपयोगी पातळी आणि बाधेची पातळी यांत अंतर फार थोडं असतं. रक्तात ०.६ ते १.० च्या दरम्यान ठेवतो, १.५ च्या वर बाधा दिसू लागते. घाम गेला, जुलाब झाले, पाणी किंवा मीठ कमी पडलं की मूत्रपिंड लिथियम धरून ठेवतं आणि पातळी चढते.

तेव्हा: निघण्याच्या आठवडाभर आधी पातळी तपासा, शेवटच्या गोळीनंतर १२ तासांनी रक्त द्यायचं, त्याच वेळी क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी) आणि थायरॉईडही करून घ्या. निर्जळी उपवास नको. बिनमिठाचा तर मुळीच नको. रक्तदाबवाल्यांसाठी मिळतं ते कमी सोडियमचं मीठ घरात असेल तर त्याच्या शिध्यात ते जाऊ देऊ नका. वाटेत पाणी आणि ओआरएस. सगळ्यात महत्त्वाचं, पाय दुखले की वारीतल्या वैद्यकीय शिबिरांत आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक सहज हातावर ठेवतात. ती लिथियम वाढवतात, घ्यायची नाहीत. पॅरासिटामॉल चालेल. खिशात एक चिठ्ठी ठेवा, 'मी लिथियम घेतो' आणि डोस. हात जाडसर थरथरायला लागले, उलट्या-जुलाब झाले, तोल जायला लागला, बोलणं अडखळलं तर पुढची गोळी थांबवून त्याच दिवशी हॉस्पिटल गाठायचं, पालखी पुढे गेली तरी.

पांथस्थ

चिठ्ठी लॅमिनेट करून गळ्यात बांधतो. दिंडीप्रमुखांना सांगून ठेवलं तर चालेल का? भावाला ते आवडेल की नाही माहीत नाही.

मनोज्ञ

भावालाच विचारा. तो हो म्हणाला तर दिंडीतल्या एकाला तरी सांगाच, आणि कुणाला सांगायचं ते त्यालाच निवडू द्या.